चाक फिरवले कोणी?

ऑगस्ट २०२३मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांवर ‘माया’ ही उबुंटूवर आधारलेली कार्यप्रणाली येणार असल्याची बातमी गाजली, तेव्हा दोन गट एकाच वेळी बोलू लागले. एकाने स्वदेशीचा जयघोष केला. दुसऱ्याने जुनी थट्टा उकरून काढली: लिनक्सवर माऊसचे चाकसुद्धा धड फिरत नाही, तिथे देशाचे संरक्षण खाते काय चालणार! चाक फिरते तेव्हा आत नेमके काय घडते, याची चौकशी मात्र दोहोंपैकी कोणीच केली नाही.

चाकाचा माऊस घरोघरी पोचला तो मायक्रोसॉफ्टच्या १९९६ सालच्या इंटेलिमाऊसमुळे. त्याआधीचा पीएस/२ माऊस दर खेपेला संगणकाकडे तीन बाइट पाठवी. एकात मुख्यतः बटणांची स्थिती, उरलेल्या दोहोंत आडवी आणि उभी हालचाल. चाकाला त्यात जागाच नव्हती. जुन्या संगणकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नवा माऊसही आरंभी साध्या माऊससारखाच वागतो. ड्रायव्हरने त्याला नोंदी पाठवण्याचा वेग आधी २००, मग १००, मग ८० असा ओळीने ठरवून द्यायचा आणि नंतर त्याची ओळख विचारायची. चाक नसलेला माऊस ० असे उत्तर देतो. चाकवाला ३ म्हणतो आणि तेथून पुढे चार बाइट पाठवू लागतो. त्या तीन आकड्यांचा खऱ्या वेगाशी काही संबंध नाही. ती दारावरची ठरलेली टकटक आहे. दोन संगणकांना एकच माऊस जोडणारा एखादा जुना स्विच मध्ये आला आणि त्याला ही खूण कळली नाही, तर चाक मुके होते. संगणक चार बाइटांची वाट पाहत असताना माऊस तीनच देऊ लागला, तर पडद्यावरचा बाण सैरावैरा धावतो. यात कार्यप्रणालीच्या मागासलेपणाचा प्रश्न कुठे आला?

थट्टेला आधार अगदीच नव्हता असे नाही. एक्स विंडो व्यवस्थेत चाक ही कल्पनाच नव्हती, म्हणून चाक वर फिरवणे म्हणजे चौथे बटण दाबणे आणि खाली फिरवणे म्हणजे पाचवे, अशी तोडजोड झाली. तीही आपोआप नव्हे. संरचनेच्या फाइलमध्ये माऊसच्या प्रोटोकॉलचे नाव आणि ‘झेड-अ‍ॅक्सिस-मॅपिंग ४ ५’ अशा ओळी वापरणाऱ्याने स्वतः लिहायच्या. नवशिक्याने हे का सोसावे, या प्रश्नाला तेव्हा समाधानकारक उत्तर नव्हते. पण २००३च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नेलपासून ती टकटक कर्नेल स्वतःच करू लागले. तरीही विनोद तोच सांगितला जातो.

आता जयघोषाकडे. सी-डॅकची ‘बॉस’ ही कार्यप्रणाली २००७ साली आली आणि ती डेबियनवर उभी आहे. केंद्र सरकारने २०१५मध्ये मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने तर शाळाशाळांतून लिनक्स रुजवले, आणि तेवढ्यासाठी त्या राज्याचे जितके कौतुक करावे तितके थोडे. पण या सर्व ठिकाणी चाक फिरते ते लिनक्सच्या मूळ कर्नेलमधल्या ड्रायव्हरमुळे. नाव आणि भित्तिचित्र बदलल्याने ड्रायव्हर बदलत नाही. २०१९च्या ५.० कर्नेलमध्ये चाकाच्या एका खाचेचे १२० भाग धरून सूक्ष्म सरकणे नोंदवण्याची सोय झाली. रेड हॅट कंपनीच्या पगारावर काम करणारे पीटर हटरर यांचा त्यात मोठा वाटा होता. कर्नेलमध्ये भारतीय नावे कमी नाहीत; त्यांतली कित्येक परदेशी कंपन्यांच्या पगारपत्रकावर आहेत. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या स्वदेशी प्रणालीला विचारायचा पहिला प्रश्न हाच: मूळ प्रकल्पाकडे किती दुरुस्त्या पाठवल्या आणि त्यांतल्या किती स्वीकारल्या गेल्या? उद्घाटनाच्या बातमीत हा आकडा छापण्याची प्रथा पडेल तेव्हा जयघोषाला अर्थ येईल. सरकारी खरेदीच्या निविदेत ‘मूळ कर्नेलवर चालणारे उपकरण’ ही एक अट घालायला तर पैसाही लागत नाही.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रंथालय-व्यवस्थापनाचा तोच तो प्रकल्प वर्षामागून वर्षे सादर करतात, ही सवयही याच रोगाचे लक्षण आहे. वास्तविक काम हाताशी पडलेले आहे. चाकाची एक खाच म्हणजे १५ अंश असे लिबइनपुट गृहीत धरते. ज्या माऊसचा कोन वेगळा, त्याची नोंद सिस्टमडीच्या हार्डवेअर-सूचीत करता येते आणि ती सूची सर्वांना खुली आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट इथे विकल्या जाणाऱ्या स्वस्त माऊसपैकी कोणता त्या सूचीत आहे, हे पाहायला एक दुपार पुरते. नसेल तर चाकावर पेनाने खूण करावी, एक पूर्ण फेरी फिरवावी, खाचा मोजाव्यात आणि त्या संख्येने ३६०ला भागावे. वीस खाचा निघाल्या तर उत्तर १८.