रान रिकामं नसतं

पहिला पाऊस झाला की ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या तरुण मुलांच्या मोबाइलवर एक जुना चित्रपट पुन्हा फिरायला लागतो. शॉन पेनचा ‘इन्टू द वाइल्ड’, २००७ सालचा. बर्फाळ डोंगरापुढे हात पसरून उभा असलेला मुलगा, पाठीवर सॅक, मागे गायक एडी वेडरचा आवाज, आणि खाली ‘एक दिवस असंच निघून जायचंय’ अशी ओळ. ही ओढ मला कळते. आमची ठाण्यातली कोपरी वसली आहे रेल्वे, द्रुतगती महामार्ग आणि खाडी यांच्या बेचक्यात. सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत घुसमटलेल्या कुणालाही निघून जावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही. माझी तक्रार त्या मुलांबद्दल नाही. ज्याला ती डोक्यावर घेतात त्या चित्रपटाबद्दल आहे. त्याला त्याच्या लायकीपेक्षा फार मोठं स्थान मिळालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कथा खरी आहे. ख्रिस मॅककँडलेस हा सुखवस्तू घरातला हुशार मुलगा. १९९० मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून पदवी घेतली, शिलकीतले सुमारे २४ हजार डॉलर दान केले आणि घरी न कळवता निघून गेला. दोन वर्षं भटकला. एप्रिल १९९२ मध्ये अलास्काच्या रानात एकटा शिरला आणि ऑगस्टमध्ये तिथे सापडलेल्या एका मोडक्या बसमध्ये उपासमारीने गेला. वय २४. सप्टेंबरमध्ये शिकाऱ्यांना त्याचा देह सापडला, तेव्हा वजन जेमतेम तीस किलो भरलं. जॉन क्राकॉअर यांनी १९९६ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून हा १४८ मिनिटांचा चित्रपट झाला.

त्यात उत्तम काय आहे? रस्त्यावर भेटलेली माणसं. हॅल होलब्रुकने केलेला एकाकी म्हातारा तर विसरता येत नाही. मुलाला निरोप देताना ‘मी तुला दत्तक घेऊ का’ असं तो विचारतो, तेव्हा त्याचा चेहरा कितीतरी वेळ डोळ्यांपुढून हलत नाही. त्या कामासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, ते योग्यच होतं. पण नीट पाहिलं तर चित्रपटाचा सगळा जीव याच माणसांत आहे. ज्याच्यासाठी तो गाजला, ते रान मात्र त्यात नुसता पडदा आहे.

एक प्रसंग याला अपवाद. मुलगा मूस नावाचं प्रचंड हरीण मारतो. आनंद क्षणभरच टिकतो. मग मांस टिकवायचं कसं, याची धांदल उडते. घाईघाईने कापणं, धूर देणं, माश्या घोंघावणं आणि शेवटी किडे. सगळं नासतं. एवढं मोठं जनावर वाया गेलं, याचं त्याला मरणप्राय दुःख होतं. या काही मिनिटांत चित्रपट खरं बोलतो : रानात राहायला हिंमत पुरत नाही, शिकवणारं माणूस लागतं. पण पेन हा धागा तिथेच सोडतो आणि पुन्हा आकाश, पक्षी, गाणं यांच्याकडे वळतो.

हा धागा मला आमच्या बाजारात सापडतो. पावसाळ्याच्या तोंडाला ठाण्यात शेवळं ही रानभाजी येते. आदिवासी पाड्यांवरच्या बायका पहाटे तोडून आणलेल्या जुड्या फडक्यावर मांडून बसतात आणि शेजारी हिरव्या, आंबट काकडांचा वाटा ठेवतात. नवखं गिऱ्हाईक नुसती शेवळं उचलायला लागलं, तर त्या थांबवतात : “काकडं घ्या ताई, नाहीतर घसा खवखवेल.” आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, काकडांचा आंबट रस घालून शिजवायचं, हे त्याच सांगतात. शेवळं तशीच खाल्ली तर तोंड सोलवटून निघतं. हे ज्ञान कुणा एकट्याने एका उन्हाळ्यात मिळवलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणी खाल्लं, कुणाला बाधलं, कुणी उतारा शोधला आणि आईने लेकीला सांगितलं.

मॅककँडलेसकडेही अलास्कातल्या खाण्याजोग्या वनस्पतींचं एक पुस्तक होतं. ते डेनाइना या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जाणकारीवर लिहिलेलं होतं. म्हणजे ज्याला तो निर्मनुष्य समजत होता, त्या प्रदेशातल्या माणसांचंच बोट धरून तो जगत होता. ज्या बसमध्ये तो राहिला, तीसुद्धा रस्त्याच्या कामावरच्या मजुरांसाठी नेऊन ठेवलेली जुनी सिटी बस होती. पडद्यावर यातलं काहीच जाणवत नाही. चित्रपटात तो चुकीची वनस्पती खाऊन अडकतो. त्याच्या मृत्यूचं खरं कारण काय असावं, याचा शोध क्राकॉअर पुढे कितीतरी वर्षं घेत राहिले आणि आपलं मत बदलत राहिले. जुलैमध्ये परतताना टेकलॅनिका नदी फुगलेली होती, म्हणून तो मागे फिरला. थोड्याच अंतरावर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, हाताने ओढायचा पाळणा होता. नकाशा असता तर तो त्याला सापडला असता. पेनच्या पडद्यावर उरते ती फक्त नदी आणि तिच्यापुढे हतबल झालेला तरुण.

याला मी कलेतली सूट म्हणून सोडून देणार नाही, कारण त्याची किंमत खऱ्या माणसांनी मोजली आहे. पुस्तक आणि चित्रपटाच्या प्रभावाने जगभरातून तरुण ती बस पाहायला जाऊ लागले. कित्येकांना सोडवून आणावं लागलं. २०१० मध्ये एक आणि २०१९ मध्ये एक, अशा दोन तरुणी त्याच नदीत बुडाल्या. शेवटी जून २०२० मध्ये लष्कराच्या हेलिकॉप्टरने बस उचलून नेली. आपल्याकडे बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला किंवा लोणावळ्याच्या भुशी धरणापाशी दर पावसाळ्यात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. प्रशासन बंदीचे आदेश काढतं, तरीही लोक पाण्यात उतरतात. मग रात्री दोर घेऊन शोधायला जातात ती गावातली पोरं आणि गिर्यारोहक. त्यांच्यावर कुणी गाणं रचत नाही.

निघून जाण्यावरचा याहून कितीतरी खोल चित्रपट मराठीत आहे आणि तो फार थोड्यांनी पाहिला, याचं मला वाईट वाटतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. २०१६ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळालेला तो पाचवा मराठी चित्रपट. त्यातला आलोक राजवाडेचा तरुणही सगळ्यांपासून पळालेला आहे, जीव नकोसा झालेला. इरावती हर्षेची जानकी तापाने फणफणलेल्या त्या अनोळखी मुलाला उचलून कोकणातल्या आपल्या घरी आणते. नैराश्य तिने स्वतः सोसलं आहे, म्हणून ती त्याला खोदून विचारत नाही. तो दार लावून घेतो, चिडतो, तोडून बोलतो. ती आणि तिचं घर त्याला सांभाळून घेतात. मोहन आगाशे यांचा दत्ताभाऊ किनाऱ्यावर कासवांच्या संवर्धनात गुंतलेला असतो. मादी अंडी घालून समुद्रात परत जाते. मागे राहिलेली अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखायची आणि पिल्लं निघाली की पाण्यापर्यंत त्यांची वाट मोकळी ठेवायची. पिल्लाला उचलून समुद्रात टाकायचं नाही, चालायचं त्यानेच. चित्रपटातली माणसं त्या मुलाशी असंच वागतात. निसर्ग इथेही भरपूर आहे, पण त्याची राखण करणारी माणसं त्यात दिसतात आणि त्यांचं कामही दिसतं.

‘कासव’ पाहिल्यावर पेनच्या चित्रपटाची उणीव मला नेमकी सांगता येते. मॅककँडलेस घरातून का पळाला, याचं पुरतं उत्तर त्याच्या बहिणीने २०१४ मध्ये पुस्तक लिहून दिलं. घरात मारहाण होती, धाक होता. चित्रपटात ते ओझरतं येतं. पण पळून जावं लागणं हे दुःख आहे, आणि पेन त्याचा पराक्रम करतो. शेवटी आनंद वाटून घ्यायला माणसं लागतात, असं मुलगा स्वतःच लिहून ठेवतो. मात्र तोवर कॅमेऱ्याने दोन तास एकटेपणाचीच आरती ओवाळलेली असते.

त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं, हे क्राकॉअरच्या पुस्तकात आहे. तू घर सोड, भटक, असं मुलाने त्याला पत्रातून बजावलं होतं. ऐंशी ओलांडलेल्या त्या माणसाने ते खरोखर ऐकलं. घरातलं सामान हलवलं, एक गाडी घेतली, तीत झोपायची सोय केली आणि मुलाने वाळवंटात जिथे तळ टाकला होता तिथेच जाऊन राहिला. महिनोन्‌महिने त्याची वाट पाहिली. मुलगा गेल्याचं त्याला कळलं ते गाडीत घेतलेल्या वाटसरूंकडून. पेन त्याला रडताना सोडून अलास्काकडे निघून जातो. कॅमेरा त्या वाळवंटात थांबला असता, तर या चित्रपटाला थोर म्हणायला मीही तयार झाले असते.