पाना द्या तिच्या हातात!

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीकडे इंग्लंडला गेले होते. तिथे तिच्या गॅरेजमध्ये जे पाहिलं ते, मैत्रिणींनो, अजून डोक्यातून जात नाही. माझी १७ वर्षांची भाची वडिलांबरोबर चक्क मोटार बांधत होती! सुटे भाग खोक्यांतून घरी येतात, आपण जोडायचे. त्याला म्हणतात ‘किट कार’. तिकडची ही जुनीच हौस. १९५७ साली आलेली ‘लोटस सेव्हन’ लोक घरी जोडायचे, कारण तयार गाडीवरचा कर वाचायचा.

मी पोचले तेव्हा सस्पेन्शन बसवणं चाललं होतं. चाक आणि सांगाडा यांना जोडणारे त्रिकोणी दांडे, स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर... मी आपली बी.ए. मराठी! पण भाचीनं छान समजावलं. ‘‘मावशी, या सांध्यात रबराचे बुश असतात. गाडी स्टँडवर उचललेली असताना बोल्ट पक्के आवळले, तर ती खाली आल्यावर रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. म्हणून आत्ता बेतानंच लावायचे. गाडी चाकांवर उभी राहून वजन पडलं, की मग शेवटचं आवळायचं.’’ तेही अंदाजानं नाही. ठरलेला जोर लागला की ‘कट्’ वाजणारा पाना असतो. आवळून झालेल्या बोल्टवर रंगाची रेघ मारायची.

एका संध्याकाळी मेहुणे म्हणाले, ‘‘झालं सगळं.’’ ही बॅटरी घेऊन खाली वाकली. ‘‘बाबा, मागच्या डाव्या बाजूला एका बोल्टवर रेघ नाही.’’ मेहुणे काही बोलले नाहीत. पाना तिच्या हातात दिला.

मला माझी लेक आठवली. दोन वर्षांपूर्वी ती पंधरा दिवस सांगत होती, ‘‘आई, स्कूटीचा मागचा ब्रेक नीट लागत नाहीये.’’ मी म्हणायची, ‘‘रविवारी दादा बघेल.’’ दादाला वेळ झाला नाही. पावसात घसरून तिचं मनगट मोडलं. ब्रेकची केबल सैल झाली होती, बाकी काही नाही. तो नट तिला फिरवता आला असता; आम्ही कधी दाखवलाच नव्हता. स्वयंपाकघरातल्या कुकरचा व्हॉल्व्ह बदलणारी मी, पान्याला मात्र ‘पुरुषांचं काम’ म्हणत आले.

आपल्याकडे अशी घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणणं नियमांत बसत नाही, हे ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी गाडी बनवली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांचं कौतुक केलं, बदल्यात बोलेरो देऊ केली. पण नियमांची अडचण त्यांनीही सांगितलीच. मोटार राहू दे. पण मुलगी जी गाडी रोज चालवते, तिचा ब्रेक, हवा, ऑइल?

आमच्या बचत गटात विचारलं, तर २२ जणींपैकी १४ स्कूटर चालवतात. प्लग कुठे असतो हे दोघींना माहीत. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादांना म्हटलं, शनिवारी तासभर शिकवा. ते हसले, ‘‘वहिनी, तुम्ही कशाला हात काळे करता? साहेबांना पाठवा.’’ साहेबांना स्कूटर चालवता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पहिला शनिवार झाला. सात जणी आल्या होत्या, आठवी माझी लेक. ब्रेकचा नट तिनं स्वतः आवळला, आणि नंतर माझी नेलपॉलिश घेऊन त्यावर लाल रेघ मारली.