काचेपेक्षा जीव महाग

ईद आठ दिवसांवर आली की आमच्या घरात साफसफाईला सुरुवात होते. पडदे उतरतात, गाद्या उन्हात जातात आणि शेवटी नजर वर जाते, खिडकीच्या वरच्या काचांकडे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीला जाळी नाही. खालच्या सरकत्या काचा हाताने पुसता येतात. वरच्या पक्क्या काचा बाहेरून पुसायच्या तर माणसाने कठड्यावर उभं राहायला हवं. माणसाने म्हणजे कोणी? घरातल्या कोणी नाही. कामाला येणाऱ्या मावशींनी.

कबूल करतो, दोन-तीन वर्षे मीही "मावशी, नीट धरा हं" एवढं म्हणून पेपर तपासायला बसलो होतो. गेल्या वर्षी त्यांचा ओला पाय सरकला. हातात चौकट होती म्हणून वाचल्या. अम्मी ओरडली, "शीशा जाने दो, पहले नीचे उतरो!" मावशी उतरल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, अजून दोन राहिल्यात." भीती त्यांनाही वाटली असणार. पण नाही म्हणायची सोय त्यांच्याकडे नव्हती. ती आम्हीच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी लांब होणारा दांडा आणला. एका टोकाला वळवता येणारा कापडी ब्रश, तो काढला की रबरी वायपर. दोन्ही पाय जमिनीवर ठेवायचे, उघड्या काचेतून दांडा बाहेर काढायचा, आधी साबणपाणी, मग वायपर वरून खाली. ऊन काचेवर असताना हे करू नये. पाणी लगेच सुकतं आणि डाग राहतात. दांड्याला दोरी बांधून घरात अडकवावी, निसटला तर खालच्याच्या डोक्यात जाईल. आणि जवळून विजेची तार जात असेल तर ॲल्युमिनियमचा दांडा बाहेर काढूच नये.

काहीजण म्हणतात, हाताने पुसल्यासारखी काच होत नाही. खरं आहे, कोपरे राहतात. पण कोपऱ्यातल्या धुळीसाठी कोणाचा जीव टांगायचा?

सिंगापूरने 2012 साली नियम केला: परदेशी घरकामगार बाईला वरच्या मजल्यावर खिडकीची बाहेरची बाजू पुसायला सांगायची, तर खिडकीला बंद केलेली जाळी हवी आणि घरातलं मोठं माणूस देखरेखीला हवं. हाँगकाँगने 2017 पासून अशा कामगारांच्या करारातच अट घातली की हातांखेरीज शरीराचा भाग खिडकीबाहेर जाता कामा नये. आपल्याकडे घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. पण "कठड्यावर चढू नका" एवढं सांगायला कायदा कशाला हवा?

शाळेतही तेच. 15 ऑगस्टच्या आदल्या दिवशी बाकावर बाक ठेवून मुलं वरच्या झडपा पुसतात आणि आम्ही शिक्षक खालून कौतुक करतो. एका दांड्याची किंमत शाळेला जड नाही. बिल्डरांनीही नकाशा काढताना एकदा विचारावं, ही काच पुसणार कोण आणि कुठे उभं राहून?

या ईदला वरच्या काचा मीच पुसणार आहे. मावशींना त्या दिवशी पगारी सुट्टी. शिरखुर्मा खायला आलात आणि कोपऱ्यात डाग दिसला, तर तो माझा समजा.