अण्णांची काळी काच

बॉस, जळगावच्या मे महिन्यात डोकं ठिकाणावर असलेला माणूस सकाळी दहानंतर घराबाहेर पडत नाही. आणि मी काय करत होतो? अंगणात उभा राहून, हातात आईचा हेअर ड्रायर घेऊन, गाडीच्या काचेला गरम हवा देत होतो!

शेजारचे काका गेटपाशी थबकले. ‘काय भो, पुण्याला जाऊन येडा झाला का?’

येडा नाही काका, काळी फिल्म काढतोय. पंधरा वर्षांची.

त्याचं असं झालं... ताईचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे. सव्वा महिन्यानंतर तिला आणि बाळाला धुळ्याला पोहोचवायचं होतं, तेही २०१०च्या मे महिन्यात. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर, आणि बाहेर आग ओकणारं ऊन. अण्णांनी नवी गाडी थेट दुकानात नेली आणि बाजूच्या चारही काचा नि मागची काच काळीकुट्ट करून आणली. ‘माझ्या नातीला ऊन लागायला नको.’ विषय संपला.

पुढे २७ एप्रिल २०१२ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. ४ मेपासून गाडीच्या काचांवर काळी फिल्म बंद! अख्ख्या देशात लोक फिल्म खरवडत बसले होते. अण्णा मात्र ढिम्म. कुणी पोलिसानं अडवलं की मुकाट्यानं पावती फाडायची आणि पुढे निघायचं. आम्ही कितीदा सांगितलं! पण ती फिल्म म्हणजे त्यांच्यासाठी नातीचं पांघरूण होतं, त्याला हात कोण लावणार?

दरम्यान त्या पांघरुणाची पार वाट लागली होती. स्वस्तातल्या फिल्मचा रंग उन्हानं उडतो आणि ती जांभळी पडते. गोंद सुटला की फुगे येतात. आमची मागची काच म्हणजे जांभळा पापडच झाला होता.

यंदा फेब्रुवारीत अण्णा धुळ्याला गेले होते. रात्री ताईच्या गल्लीत गाडी रिव्हर्स घेताना कचकन आवाज आला. मागे भाचीची सायकल होती. ती नुकतीच सायकल स्टँडवर लावून गेट उघडायला गेली होती. दोन पावलं, बस्स. चाक वाकलं, बाकी कुणाला काही झालं नाही. पण ताई सांगत होती, त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. चार दिवसांनी मला फोन. ‘तू कधी येतोस? ते काढून टाकू.’

मंडळी, यात कायद्यापेक्षा डोळ्यांचा फंडा मोठा आहे. नियम म्हणतो, पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २०२४मध्ये केरळ हायकोर्टानं या प्रमाणात बसणाऱ्या फिल्मला हरकत नाही असं म्हटलं खरं, पण आमची फिल्म त्या हिशेबात कुठेच बसत नव्हती. त्यात वय वाढलं की अंधारात डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही. म्हणजे सत्तरीच्या माणसाला जास्त उजेड लागतो, आणि आपण त्याच्या काचेवर काळा कागद चिकटवून ठेवतो!

आता मेन काम. घरी जमतं, फक्त घाई नको. दाराच्या आतल्या बाजूला टॉवेल लावा, म्हणजे स्विचमध्ये पाणी जाणार नाही. काच दोन बोटं खाली घ्या. ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवत काच तापवा आणि वरचा कोपरा जुन्या एटीएम कार्डानं सोडवा. मग फिल्म हळूहळू खाली ओढा. झटका दिलात की ती फाटते आणि गोंद काचेवरच राहतो. राहिलाच तर भांड्याच्या साबणाचं पाणी फवारा, वर ओला पेपर चिकटवून दहा मिनिटं थांबा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. बंद गाडीत उग्र वासाची केमिकल्स अजिबात नकोत.

मागच्या काचेवर डिफॉगरच्या बारीक रेघा असतील तर ब्लेडचं नावही काढू नका. रेघ तुटली की डिफॉगर गेला. आम्ही त्या काचेला बाहेरून पाणी मारून काळी प्लॅस्टिकची पिशवी चिकटवली आणि गाडी दुपारभर उन्हात सोडली. जळगावचं ऊन आयुष्यात पहिल्यांदा फुकटात कामाला आलं! चार वाजता भाची मागच्या सीटवर चढली आणि रेघांच्या दिशेनं तिनं ती फिल्म अलगद सोलून काढली. जिच्यासाठी लावली होती तिनंच काढली. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. बोलले काहीच नाहीत.

गाडी आता तापते का? तापते ना, खोटं कशाला बोलू! त्यावर उपाय साधे. गाडी कडुनिंबाखाली लावायची, उभ्या गाडीत काचांना आतून जुनं धोतर अडकवायचं, आणि निघताना दोन मिनिटं सगळी दारं उघडून मगच एसी लावायचा.

संध्याकाळी अण्णा स्टिअरिंगवर बसले. आरसा सरळ केला, मागे वळून पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं. भाची गेटपाशी उभी होती.

‘अण्णा, दिसतेय का मी?’

‘दिसतेस. पण तू आधी बाजूला हो.’

ती ओट्यावर जाऊन उभी राहिली, मगच त्यांनी रिव्हर्स टाकला.