हात द्या, पण हातातलं काम काढून घेऊ नका



उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या, रांजणगाव-कुरकुंभच्या कंपन्यांतल्या शिफ्ट, नगर आणि सोलापूर रस्त्यांवरची धावपळ आणि घरोघरची थकलेली माणसं. अपघात, खुब्याचं मोडलेलं हाड किंवा लकवा आपल्या शिरूर-दौंड तालुक्यांतल्या कुठल्याच गावाला नवा नाही. माणूस दवाखान्यात असेपर्यंत सगळी भावकी धावते. पोरं रक्त द्यायला जातात, डबे पोचतात, पैशाची जुळवाजुळव होते. मग डिस्चार्ज मिळतो, पेशंट घरी येतो आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. खरं काम तिथून पुढं सुरू होतं.

ऑपरेशननं हाड जोडलं जातं. पण उठणं, चालणं, घास तोंडापर्यंत नेणं हे शरीराला पुन्हा शिकवावं लागतं. लकव्यानंतर सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. पुढंही होते, पण सावकाश. म्हणून हे सोन्यासारखे दिवस उताऱ्यात आणि कुणीतरी सांगितलेल्या पाल्याच्या रसात घालवू नका. फिजिओथेरपिस्ट येऊन येऊन किती वेळ येणार? उरलेला सगळा दिवस घरच्यांच्या हातात असतो.

आणि इथंच मायेपोटी घोटाळा होतो. आपण तांब्या तोंडाला लावतो, सदऱ्याची बटणं लावून देतो, ‘तुम्ही नुसते पडून राहा’ म्हणतो. पण न वापरलेला स्नायू झिजतो, सांधा आखडतो. सतत अंथरुणावर असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उभं करतात, ते उगाच नाही. तेव्हा जे त्यांना जमतंय ते त्यांनाच करू द्या. एक बटण लावायला पाच मिनिटं लागली तर लागू द्या. डॉक्टर हो म्हणाले की शेंगा फोडायला, लसूण सोलायला, मटकी निवडायला द्या. बोटांना याहून चांगला व्यायाम नाही, आणि आपण घराच्या उपयोगी पडतोय ही भावना औषधाइतकीच मोलाची आहे.

लकव्याच्या माणसाला खुर्चीवरून उठवताना काय करायचं ते नीट पाहा. लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. खुर्ची हातांची आणि जरा उंच हवी. माणसाला पुढं सरकून बसवा, दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं टेकवा. तुम्ही त्यांच्या कमजोर बाजूला उभे राहा आणि कमरेला बांधलेला पट्टा धरा. त्यांना नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढं वाकायला सांगा आणि एक-दोन-तीन म्हणा. जोर त्यांना लावू द्या, तुम्ही फक्त तोल सांभाळा. काठी चांगल्या बाजूच्या हातात द्या. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर.

घरही थोडं बदला. मोरीतलं शेवाळ घासून काढा, भिंतीला धरायला दांडी बसवा, कमोडची खुर्ची आणा. उंबऱ्याजवळची पायपुसणी उचला, रात्री वाटेवर दिवा ठेवा. जो स्वतः कुशीवर वळू शकत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदला. लकव्यानंतर पाणी पिताना ठसका लागत असेल तर जबरदस्तीनं पाजू नका, डॉक्टरांना दाखवा. पोटरी अचानक सुजली, धाप लागली, बोलणं पुन्हा अडखळलं, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.

धीर सुटायला लागला तर एक माणूस आठवा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैनिक 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली आणि 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्ग इथं भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांचे पाय पूर्वीसारखे झाले नाहीत, तरी ते उभं आयुष्य मोठं जगले. तुमच्या माणसाची तुलना शेजारच्या पेशंटशी करू नका. गेल्या महिन्यातल्या त्याच्याशीच करा.

पैशाचंही बोलू. पुण्याला तपासणीला जायचं तर एसटीत 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे आणि सोबत येणाऱ्या लेकी-सुनेला अर्धं तिकीट. आजार किंवा अपघातामुळं कायमचं अपंगत्व आलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. रेल्वे आणि एसटीच्या सवलती त्यावरच मिळतात. शेतकरी कुटुंबातल्या 10 ते 75 वयाच्या माणसाचा अपघातात एक हात किंवा पाय गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून 1 लाख, दोन अवयव गेले तर 2 लाख रुपये मिळू शकतात. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात वेळ न दवडता अर्ज करा. कंपनीत काम करणाऱ्यांनी कामगार विम्याचं (ईएसआय) कार्ड शोधून ठेवा.

शेवटचं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. हा सगळा भार बहुतेक घरांत एकट्या सुनेवर किंवा बायकोवर पडतो. तिची झोप जाते, कंबर धरते, आणि तिला ‘तू जेवलीस का’ विचारायला कुणी नसतं. ती आजारी पडली तर दोन पेशंट होतील. भेटायला जाणाऱ्यांनो, नारळ-बिस्किटं राहू द्या. ‘आता कसलं बरं होतंय’ असलं तिथं बोलू नका. त्यापेक्षा दोन तास बसा, व्यायाम करून घ्या आणि तिला निजू द्या. शिफ्टला जाणाऱ्या मुलानं सकाळचा व्यायाम स्वतःच्या अंगावर घ्यावा, शाळकरी नातवानं संध्याकाळी आजोबांना अंगणात फिरवावं. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी आज जेवणानंतर सगळ्यांना एकत्र बसवा आणि कुणी काय करायचं ते वाटून घ्या. त्या बैठकीत पेशंटलाही बसवा आणि त्याला काय हवंय ते सगळ्यांत आधी विचारा.