फुटबॉल परत आला, पण बंद केलेल्या चार खेळांचं काय?

बिग टेननं १६ सप्टेंबर २०२० रोजी आपलाच निर्णय फिरवला आणि तेव्हा आपल्या आयोवा सिटीत दुसरा विषय नव्हता. ११ ऑगस्टला पुढे ढकललेला फुटबॉलचा हंगाम २३-२४ ऑक्टोबरला सुरू करायचं ठरलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चौदा वर्षं या गावात काढली की हॉकाइजचा काळा-पिवळा रंग अंगाला लागतोच. पण या आनंदात एक गोष्ट विसरली गेली, म्हणून हे लिहितेय.

हंगाम पुढे ढकलल्यावर दहाच दिवसांनी, २१ ऑगस्टला, आपल्या विद्यापीठानं चार खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, पुरुषांचं टेनिस आणि पुरुष व महिला दोघांचं स्विमिंग-डायव्हिंग. २०२०-२१चा हंगाम झालाच, तर तो त्यांचा शेवटचा ठरणार होता. कारण काय सांगितलं? फुटबॉल नाही म्हणून सुमारे १० कोटी डॉलरचं उत्पन्न बुडणार, ६ ते साडेसात कोटींची तूट येणार. मग फुटबॉल परत आला. चार खेळांवरची कुऱ्हाड मात्र तेव्हा कायम होती.

भारतातून वाचणाऱ्यांना हे गणित विचित्र वाटेल. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे जिमखाना फी, सकाळचा सराव आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाताना रेल्वेचा स्लीपर डबा. इथं हा मोठा धंदा आहे. किनिक स्टेडियममध्ये जवळपास ७० हजार माणसं बसतात, आणि अख्ख्या गावाची लोकसंख्या साधारण ७५ हजार! बिग टेनकडून सदस्य विद्यापीठांना टीव्ही हक्क वगैरेंचे वर्षाला प्रत्येकी ५ कोटी डॉलरहून जास्त मिळत आलेत. तिकिटं, देणग्या, जाहिराती वेगळ्याच. फुटबॉल कमावतो आणि त्याच पैशावर बाकीचे बहुतेक खेळ जगतात. एका खांबावर उभा असलेला हा तंबू आहे.

तो खांब मार्चपासूनच हलत होता. १२ मार्चला एनसीएएनं बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द केली आणि पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांना मिळायचे ६० कोटी डॉलर एकदम साडेबावीस कोटींवर आले. म्हणजे संकट खरं होतं, कुणी ढोंग करत नव्हतं. आणि ऑगस्टमध्ये सामने थांबवणं मला तरी योग्यच वाटलं. विद्यार्थी परतल्यावर आपल्या गावात रुग्ण कसे भराभर वाढले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

फटकाही फक्त विद्यापीठाला बसला नव्हता. सामन्याच्या शनिवारी मेलरोझ अव्हेन्यूवर अंगणात गाड्या लावायला देऊन काही घरं वर्षाचा थोडाफार खर्च भागवतात. खाण्याचे स्टॉल, कोरलव्हिलची हॉटेलं, तासावर काम करणारी पोरं या सगळ्यांचं वर्ष त्या सहा-सात शनिवारांवर चालतं. २०२०च्या हंगामात सामने ठरले, पण तिकीटविक्री नव्हती. टीव्हीचा पैसा विद्यापीठाला मिळणार होता, अंगणात मात्र गाडी येणार नव्हती. फुटबॉल परतला म्हणजे गावाचं नुकसान भरून निघालं असं समजू नका.

आता मुद्द्याचं. चार खेळ बंद करून वाचणार होतं किती? सगळे खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडल्यावर वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर. फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाचा पगारही तेव्हा जवळपास तेवढाच होता. त्यांनी त्या वर्षी कपात स्वीकारली, त्याबद्दल आदरच आहे. माझा रोख व्यक्तीवर नाही, रचनेवर आहे. २०१९ मध्येच किनिकच्या उत्तर बाजूचं ८ कोटी ९० लाख डॉलरचं नूतनीकरण पूर्ण झालं. चांगल्या दिवसांत पैसा आला तो बांधकामात आणि पगारात गेला, वाईट दिवसासाठी पुरेसं बाजूला पडलं नाही. आणि वाईट दिवस आला तेव्हा बिल कुणाच्या नावानं फाटलं? कितीतरी कमी खर्च करणाऱ्या पोहणाऱ्या पोरापोरींच्या. यालाच आपण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतो.

"हे खेळ पैसे कमावत नाहीत," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. ग्रंथालय तरी कुठं कमावतं? आणि आयोवाचं पोहणं म्हणजे काही आजकालचं नाही. बटरफ्लाय हा पोहण्याचा प्रकार घडला त्यात १९३०च्या दशकातले इथले प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा जलतरणपटू जॅक सीग यांचा मोठा वाटा. ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे जलतरणपटू पदकं जिंकतात, तेही बहुतेक अशाच कॉलेजच्या तलावांतून तयार होतात. हे तलाव कोरडे पडले तर ते पुढे कुठं घडणार?

"खेळ विभाग स्वतःच्या कमाईवर चालतो, करदात्यांचा पैसा घेत नाही," हा दुसरा युक्तिवाद. मान्य. पण तो चालतो विद्यापीठाच्या नावावर, आणि तेव्हा कमावत होता ते ज्यांना पगार मिळत नव्हता अशा विद्यार्थ्यांच्या घामावर. मग त्याला खासगी कंपनीसारखं "परवडत नाही, दुकान बंद" म्हणता येणार नाही. शिष्यवृत्त्या पदवीपर्यंत चालू ठेवू असं सांगितलं, हे चांगलंच होतं. पण अठराव्या वर्षी पोहण्यासाठी हे गाव निवडलेल्या मुलानं दोन-तीन वर्षं नुसती शिष्यवृत्ती घेऊन करायचं काय? दुसरीकडे जावं तर अभ्यास अर्धवट, राहावं तर खेळ संपला.

माझं म्हणणं साधं आहे. फुटबॉलअभावी घेतलेला निर्णय फुटबॉल परतल्यावर पुन्हा तपासायलाच हवा होता. या चार खेळांना निधी उभारायला दोन वर्षांची मुदत द्यायला हवी होती. माजी खेळाडू आणि पालक पुढे येतात की नाही, ते तरी बघायला हवं होतं. आणि इथून पुढे टीव्हीच्या पैशातला ठरावीक हिस्सा राखीव निधीत टाकायचा नियम करा. महामारी ही काय शेवटची आपत्ती नाही. २०२०च्या ऑगस्टमधल्या त्या वादळानं आपल्याला ते दाखवलंच आहे.

आपण मराठी मंडळी इथं मूठभर, पण तिकिटं काढतो, फी भरतो, मतं देतो. अनेकांची मुलं उद्या इथंच शिकतील. तेव्हा खेळ विभागाला आणि राज्याच्या बोर्ड ऑफ रीजंट्सला एक सभ्य, चार ओळींचा ईमेल कराल का? टीव्हीसमोर ओरडायचं ते ओरडूच. त्याआधी एवढं करू.