सिवलनंतरची लढाई

९ जुलै २०१९ रोजी मध्य प्रदेशच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या सिवल गावात वनखाते जेसीबी आणि बंदोबस्त घेऊन अतिक्रमण हटवायला गेले. आदिवासींच्या वनहक्क दाव्यांचा निकाल लागलेला नव्हता. पडताळणी पुरी झाल्याखेरीज कुणालाही जमिनीवरून हुसकावता येत नाही, असे २००६ चा वनहक्क कायदा सांगतो. लोक आडवे आले, तेव्हा छर्‍यांच्या बंदुका चालल्या. चौघे जखमी झाले. त्या वेळी भोपाळमध्ये काँग्रेसचे सरकार होते.

हे मुद्दाम सांगतो, कारण ‘सरकार बदलले की बघू’ ही आशा पर्यावरण चळवळीला अधूनमधून गुंगवते. २०२२ च्या अखेरीस, भाजपच्या राज्यात, याच जिल्ह्यातल्या नेपानगरच्या जंगलावर कुऱ्हाड चालली. बाकडीच्या वनचौकीतून तर बंदुकाही लुटल्या गेल्या. तोड थांबवा म्हणत जागृत आदिवासी दलित संघटनेचे लोक बुऱ्हाणपूरला जिल्हाधिकारी कचेरीवर धरणे धरून बसले. पुढे तडीपारी आली ती याच संघटनेवर: २०२३ मध्ये कार्यकर्त्या माधुरीबेन, जानेवारी २०२४ मध्ये वर्षभरासाठी कार्यकर्ते अंतराम अवासे. जंगल वाचवा म्हणणाऱ्यांनाच जिल्ह्याबाहेर काढणे हा निव्वळ अन्याय होता.

जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अवासे यांच्यावरचा हुकूम रद्द केला आणि सरकारला ५० हजार रुपयांचा भुर्दंड बसवला. निकाल मोलाचा आहे. पण घर, शेत आणि गावाची बैठक यांपासून तोडलेले वर्ष कुठले न्यायालय परत देणार?

तरीही संघटना उभी आहे, आणि त्याचे श्रेय आम्ही ग्रामसभेला देतो. दावा दाखल केला की पोच घ्यायची, ठराव लिहून त्यावर सह्या-अंगठे घ्यायचे, जुन्या वहिवाटीबद्दल म्हाताऱ्यांचे जबाब नोंदवायचे. काम कंटाळवाणे आहे, त्याचे फोटो छापून येत नाहीत. पण कार्यकर्त्याला तडीपार करता येते, ग्रामसभेला नाही. आणि जंगल राखण्याचा अधिकार वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने तिलाच दिला आहे.

शहराने याकडे परक्याचे भांडण म्हणून पाहू नये. १६१५ मध्ये बांधलेल्या कुंडी भंडारा या पाणीयोजनेत सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी येते. जमिनीखालच्या बोगद्यांतून, कुठलाही पंप न लावता, नुसत्या उताराने ते बुऱ्हाणपूरपर्यंत पोचते. तापी तर पुढे हतनूर धरणात जाते. डोंगर बोडके झाले तर रावेर-मुक्ताईनगरच्या केळीबागांनाही झळ बसेल.

म्हणून बुऱ्हाणपूर आणि जळगावच्या वकिलांना, शिक्षकांना, पत्रकारांना आमची विनंती आहे. पुढचे धरणे बसेल तेव्हा तिथे जाऊन बसा. तडीपारीची नोटीस निघाली तर वकीलपत्र घ्या. आणि ‘अतिक्रमण’ अशी बातमी देण्याआधी तिथला वनहक्काचा दावा निकाली निघाला आहे का, एवढे जिल्हास्तरीय वनहक्क समितीकडे विचारून घ्या.